बहुमत होतं, मग तक्रार कसली?

लष्करी न्यायालयाच्या निकालावर कुणी शंका घेतली की उत्तर तयारच असतं. न्यायासनावर एकटा माणूस नसतो, तीन-पाच अधिकारी असतात. त्यांनी शपथ घेतलेली असते, प्रत्येकाला एक मत असतं आणि निकाल बहुमताने लागतो. मग अन्यायाला जागा उरतेच कुठे? १० एप्रिल २०१७ रोजी पाकिस्तानी लष्कराने हेरगिरीच्या आरोपाखाली मुंबईच्या कुलभूषण जाधवांना फाशी सुनावल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून तिथल्या सरकारी बाजूचा सूर हाच आहे. कायद्याने नेमलेलं कोर्ट, कायद्याने ठरलेली पद्धत, आता बोलायचं काय राहिलं?

हा सूर फक्त सीमेपलीकडचा असता तर त्यावर इतकी शाई खर्च करण्याचं कारण नव्हतं. पण जाधवांच्या फाशीने जी उपनगरं संतापली, तिथेच तो दुसऱ्या बाजूने ऐकू येतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या कोर्टांत तारखा घेऊन घेऊन वैतागलेला माणूस म्हणतो, ‘सगळं मिलिटरी कोर्टाकडे द्या. पाच अधिकारी बसतील, मतं घेतील, आठवड्यात निकाल.’ त्याचा वैताग खरा आहे, उपाय मात्र खोटा. इस्लामाबादचा प्रवक्ता आणि आपल्या लोकलमधला हा सहप्रवासी एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, पण दोघांचा हिशेब एकच आहे: मतं मोजली म्हणजे न्याय झाला. भांडण या हिशेबाशी आहे.

आधी जे चांगलं आहे ते मोकळेपणाने मान्य करू. भारताचा आर्मी अॅक्ट १९५०चा, पाकिस्तानचा १९५२चा. दोघांचं मूळ इंग्रजांच्या १९११च्या इंडियन आर्मी अॅक्टमध्ये. आपल्याकडे जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. प्रत्येकाची कमिशन मिळाल्यापासून तीन वर्षं भरलेली हवीत आणि निदान चौघे कॅप्टन किंवा त्यावरचे हवेत. काम सुरू होताना त्यांची नावं आरोपीला वाचून दाखवतात आणि यातल्या कुणाबद्दल हरकत आहे का, असं विचारतात. कायद्याची बाजू समजावायला जज अॅडव्होकेट बसलेला असतो. साक्षीपुरावे आणि दोन्हीकडची भाषणं संपली की दार बंद होतं आणि आरोपांवर एकेक करून मत घेतलं जातं. मत चिठ्ठीवर लिहायचं नसतं, तोंडाने सांगायचं असतं, आणि सुरुवात हुद्द्याने सर्वांत धाकट्या अधिकाऱ्यापासून करायची असते.

ज्याने हा नियम घातला त्याला गणवेशातला माणूस पुरता ठाऊक होता. कर्नलसाहेबांनी आधीच ‘दोषी’ म्हटलं तर टोकाला बसलेल्या कॅप्टनच्या तोंडून ‘निर्दोष’ निघणं कठीण. म्हणून कॅप्टनने आधी बोलायचं, साहेबांनी शेवटी. मतं समसमान पडली तर कौल आरोपीच्या बाजूने. जनरल कोर्ट मार्शलला फाशी द्यायची तर दोन-तृतीयांश सदस्य हवेत, आणि तीन जणांच्या समरी जनरल कोर्ट मार्शलला द्यायची तर सगळ्यांचं एकमत. मतमोजणीचे हे नियम आर्मी अॅक्टचं कलम १३२ मोजक्या ओळींत सांगतं. त्यात शहाणपण आहे यात वाद नाही.

पण हे सारं शहाणपण मोजणीचं आहे. हाउसिंग सोसायटीच्या सभेत एकावन्न टक्के सभासदांनी पुनर्विकासाला हात वर केले, म्हणून बिल्डरचा करारनामा कुणी वाचला होता असं सिद्ध होत नाही. मतदाराच्या हातात कोणता कागद ठेवला होता, तो कुणी तयार केला होता आणि त्यावर उलट प्रश्न विचारायला कुणी उभं होतं का, हे मतदानाच्या आधीचे प्रश्न आहेत. बहुमताचा जयघोष करणारे नेमके हेच प्रश्न टाळतात.

जाधवांच्या प्रकरणात ते विचारून पाहू. घर पवईला, वडील मुंबई पोलिसांतून निवृत्त झालेले अधिकारी, मूळ गाव साताऱ्याकडचं. नौदलातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन जाधव इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांचं अपहरण झालं, असं भारत म्हणतो. ३ मार्च २०१६ला बलुचिस्तानात मुसलमानी नावाच्या पासपोर्टसह ते पकडले गेले, असं पाकिस्तान म्हणतो. ते हेर होते की नव्हते, याचा निवाडा या लेखात करायचा नाही. तो कोर्टाने कसा केला, एवढंच पाहायचं आहे.

तारखा बघा. अटकेची बातमी भारताला २५ मार्चला कळवली. कबुलीची चित्रफीत २९ मार्चला जगाला दाखवली. गुन्हा नोंदला ८ एप्रिलला. म्हणजे कबुली आधी आणि फिर्याद दहा दिवसांनी. जुलैत मॅजिस्ट्रेटपुढे पुन्हा कबुली घेतली, सप्टेंबरात फील्ड जनरल कोर्ट मार्शल सुरू झालं आणि पुढच्या एप्रिलमध्ये लष्करप्रमुख बाजवांनी फाशीवर शिक्कामोर्तब केल्याची बातमी आली. या तेरा महिन्यांत भारताने वकिलातीच्या अधिकाऱ्याला भेटू द्या म्हणून पुन्हा पुन्हा लिहिलं. एकदाही भेट मिळाली नाही. मार्च २०१७मध्ये उत्तर आलं तेही असं की तपासात तुम्ही काय मदत करता ते पाहून विचार करू. बचावाला लष्करानेच आपला एक कायदा शिकलेला अधिकारी दिला. खटला बंद दाराआड झाला. साक्षी कुणाच्या झाल्या, उलटतपासणी काय झाली, निकालपत्रात काय लिहिलं आहे, हे भारताला मिळालं नाही.

आता त्या कोर्टात मत द्यायला बसलेल्या अधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. तो प्रामाणिक आहे असंच धरू. त्याच्यापुढे आरोपीची स्वतःच्या तोंडची कबुली आहे, आपल्याच गुप्तचर खात्याचे कागद आहेत आणि त्यांच्याविरुद्ध एकही परका आवाज नाही. कबुली कुठे घेतली, कशी घेतली, तिच्याआधीचे आठवडे आरोपी कुठे होता, हे विचारणारा कोणीच नाही. असा माणूस ‘दोषी’च म्हणणार. शेजारचाही तेच म्हणणार. धाकट्याने आधी सांगितलं काय किंवा थोरल्याने आधी सांगितलं काय, काही फरक पडत नाही. मतदान होण्याआधीच मताला दुसरी वाटच ठेवलेली नाही.

२५ डिसेंबर २०१७ला जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला जाऊन त्यांना भेटल्या. मध्ये काच होती, बोलणं यंत्रातून. आत जाण्याआधी दोघींना कपडे बदलायला लावले, मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, आणि पत्नीची चप्पल परत दिलीच नाही. आई मुलाशी मराठीत बोलू लागली की तिला मध्येच अडवत होते, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. जगभरचे कॅमेरे बाहेर उभे होते आणि मुलाला फाशी आधीच सुनावून झालेली होती. तरी आईच्या मराठीला ही भीती. मग कॅमेरे नव्हते तेव्हा, कोठडीत, त्या माणसाला काय आणि किती बोलू दिलं असेल?

यावर ‘हा भारताचा कांगावा’ असं उत्तर येतं. ठीक आहे, भारत बाजूला ठेवू आणि पाकिस्तानातल्याच न्यायाधीशांचं ऐकू. १६ डिसेंबर २०१४ला पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलमध्ये मुलांचं हत्याकांड झालं आणि त्या धक्क्यात जानेवारी २०१५मध्ये घटना दुरुस्त करून नागरिकांचे दहशतवादाचे खटले लष्करी न्यायालयांकडे दिले. पहिल्या दोन वर्षांत तिथे २७४ जण दोषी ठरले, त्यातल्या १६१ जणांना फाशी. २०१८मध्ये पेशावर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती वकार अहमद सेठ यांच्या खंडपीठापुढे यातली काही प्रकरणं आली. त्यांनी कागद उघडून पाहिले तेव्हा वेगवेगळ्या आरोपींचे कबुलीजबाब एकाच हस्ताक्षरात, एकाच धाटणीत लिहिलेले निघाले आणि इतक्या सगळ्यांचा वकीलही एकच. सत्तरहून अधिक जणांच्या शिक्षा त्यांनी रद्द केल्या. पुढे तिथल्या सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली, हेही सांगायला हवं. पण स्थगितीने हस्ताक्षर बदलत नाही. त्या प्रत्येक खटल्यात अधिकाऱ्यांनी शपथ घेतली होती, मतं दिली होती, बहुमताचा नियम पाळला होता. कबुल्या लिहिणारा हात एक निघाला, तरी मतांची बेरीज कुठेच चुकली नव्हती.

आता विरोधकांचा सर्वांत चलाख प्रश्न घेऊ. ते म्हणतात, तुम्हाला बहुमताचं इतकं वावडं, मग हेगचा निकाल का मिरवता? १७ जुलै २०१९ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जाधव प्रकरणी पाकिस्तानला दोषी धरलं ते पंधरा विरुद्ध एक अशा मतांनीच ना? भारताचे वकील हरीश साळवेंनी एक रुपयात लढवलेला खटला बहुमताने जिंकला की तो न्याय, आणि रावळपिंडीतलं बहुमत मात्र अन्याय?

प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर त्याच निकालपत्रात आहे. तिथे कोणत्या मुद्द्यावर कुणी कसं मत दिलं हे न्यायाधीशांच्या नावानिशी छापलं आहे. विरोधात गेलेले एकटे न्यायाधीश तस्सदुक हुसेन जिलानी, पाकिस्तानचे माजी सरन्यायाधीश, या खटल्यापुरते पाकिस्ताननेच नेमलेले. त्यांनी आपला विरोध सविस्तर कारणांसह लिहिला आणि तोही निकालासोबत प्रसिद्ध झाला. आज कोणीही पंधरांची कारणं एका बाजूला आणि जिलानींची दुसऱ्या बाजूला ठेवून स्वतः तोलू शकतो. हरलेल्या मताला तिथे बोलायला जागा आहे, म्हणून जिंकलेल्या मताला वजन आहे. कोर्ट मार्शलमध्ये काय होतं? सदस्याला शपथच अशी असते की कोणत्या सदस्याने काय मत दिलं हे, कायद्याने भाग पाडल्याखेरीज, कधीही उघड करणार नाही. कुणी विरोध केला का, किती जणांनी केला, कोणत्या कारणाने, यातलं काही बाहेर येत नाही. आपल्याकडे तर एस. एन. मुखर्जी खटल्यात १९९०मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने कोर्ट मार्शलला कारणं नोंदवण्याची गरजच नाही असं ठरवलं होतं. थोडक्यात कारणं द्यायची सक्ती नंतर नियमात घातली गेली, तीही ‘थोडक्यात’. जिंकलेल्या मताची कारणं तोकडी आणि हरलेल्या मताचा पत्ताच नाही, अशा ठिकाणी बहुमत हा शब्द वापरायचा तर निदान जपून वापरावा.

त्याच श्वासात दुसरा आक्षेप येतो, की हेगने जाधवांना सोडा असं कुठे म्हटलं? खरं आहे, म्हटलं नाही. शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणी फेटाळली आणि परिणामकारक फेरविचार करा असं सांगितलं. पण याचा अर्थ लष्करी कोर्टाला चांगल्या वर्तणुकीचा दाखला मिळाला असा लावणं निव्वळ लबाडी आहे. त्या न्यायालयापुढचा खटला १९६३च्या व्हिएन्ना करारापुरता होता आणि त्या करारातलं आरोपीच्या वकिलाती-भेटीच्या हक्काचं कलम पाकिस्तानने मोडलं हे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितलं. कोर्ट मार्शलची बाकीची पद्धत न्याय्य होती की नव्हती, हे त्याच्या अधिकारकक्षेतच येत नव्हतं.

उरला राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा. हेरगिरीचा खटला उघडा चालवून चालतो का, असं विचारतात. याचं उत्तर द्यायला आपल्याकडे एक जुना खटला आहे. नोव्हेंबर १९४५, दिल्लीचा लाल किल्ला. आझाद हिंद सेनेचे शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर इंग्रज बादशहाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप; साम्राज्याच्या दृष्टीने याहून मोठा गुन्हा कोणता? समोर सात अधिकाऱ्यांचं कोर्ट मार्शल, चार इंग्रज आणि तीन हिंदी. तरी बचावाला मुंबईच्या बारचे भुलाभाई देसाई उभे राहू शकले, काळा कोट चढवून नेहरू शेजारी बसले, आणि वर्तमानपत्रांत रोजचा वृत्तान्त छापून आला. ज्या कायद्याच्या पोटातून आजचा पाकिस्तानी आर्मी अॅक्ट निघाला, त्याच कायद्याखाली, परक्या सत्तेने, राजद्रोह्यांना आपल्या पसंतीचा वकील आणि उघडं दार दिलं होतं. स्वतंत्र पाकिस्तानने पवईच्या माणसाला यातलं काहीच दिलं नाही. गुप्ततेची गरज कुणाला असते हे त्यावरून समजावं.

लाल किल्ल्याच्या खटल्यात आणखीही काही शिकण्यासारखं आहे. सात जणांनी तिघांनाही दोषी ठरवून काळ्या पाण्याची जन्मठेप सुनावली. जानेवारी १९४६च्या सुरुवातीला सरसेनापती ऑकिन्लेकनी ती शिक्षा माफ करून टाकली. देश पेटला होता म्हणून केली, आणि आपल्याला त्याचा आनंदच आहे. पण तत्त्व बघा: सातांच्या मतावर एकाची सही भारी पडली. ही सही आजच्या कायद्यातही आहे. वरच्या अधिकाऱ्याने मंजुरी दिल्याशिवाय जनरल कोर्ट मार्शलचा निकाल लागूच होत नाही, आणि तो अधिकारी निकाल एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतो, निर्दोष सुटकेचासुद्धा. पाच अधिकाऱ्यांनी दिवसेंदिवस साक्षी ऐकून माणसाला सोडलं, आणि ज्यांच्या हाताखाली त्यांची नोकरी चालते त्यांच्याकडून कागद आला की पुन्हा बसा, पुन्हा विचार करा. तो वाचून धाकटा कॅप्टन दुसऱ्यांदा पहिल्याइतक्या मोकळेपणाने बोलेल, असं म्हणणाऱ्याने कधी नोकरी केलेली नसावी. कोर्ट भरवणारा अधिकारी, सदस्य निवडणारा अधिकारी आणि निकाल मंजूर करणारा अधिकारी एकाच साखळीतले असतील तर ते कोर्ट स्वतंत्र म्हणता येत नाही, असं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने १९९७मध्ये फिंडले नावाच्या ब्रिटिश सैनिकाच्या खटल्यात ब्रिटनला ठणकावलं होतं. ब्रिटनने आपली पद्धत बदलली. साचा बनवणाऱ्याने साचा मोडला, आपण दोन शेजाऱ्यांनी तो जपून ठेवला.

बहुमत चुकू शकतं हे मुंबईला तरी कुणी शिकवायला नको. २७ एप्रिल १९५९ला नौदलाच्या कमांडर नानावटींनी प्रेम आहुजावर गोळ्या झाडल्या. मेलेला माणूस नागरी होता, खून शांततेच्या काळात मुंबईत झाला होता. त्यामुळे आरोपी गणवेशातला असूनही खटला साध्या सत्र न्यायालयात चालला, नऊ जणांच्या ज्युरीपुढे. आठ विरुद्ध एक, निर्दोष. इतकं घसघशीत बहुमत कुठल्या कोर्ट मार्शलला मिळणार? तरी न्यायाधीश मेहतांनी हा निकाल पुराव्याला धरून नाही म्हणत प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. हायकोर्टाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. त्या खटल्यात सगळं अवलंबून होतं ते एकाच गोष्टीवर: आठांच्या मतावर ‘हे पुराव्यात बसत नाही’ म्हणायचा अधिकार असलेला आणि त्या आठांशी काही देणंघेणं नसलेला माणूस वर बसला होता का? पाकिस्तानी आर्मी अॅक्टमध्ये फाशीवर अपील आहे, पण ते ऐकणार स्वतः लष्करप्रमुख किंवा त्यांनी नेमलेले अधिकारी. जाधवांच्या फाशीला मंजुरी कुणी दिली होती, ते वर आलंच आहे.

आता आपल्या घराकडे वळू, कारण इथे ‘ते पाकिस्तान, आपलं वेगळं’ म्हणून सुटका करून घेण्याचा मोह होतो. आपलं वेगळं आहे हे खरंच. शांततेच्या काळात नागरी माणसाला आपण लष्करी कोर्टापुढे उभं करत नाही. हायकोर्टात रिट करता येते. २००७च्या कायद्याने आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आलं, त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे आणि कोर्ट मार्शलचा पुरावा ते नव्याने तपासू शकतं. पण हे आपणहून सुचलं नव्हतं. १९८२मध्ये पृथीपालसिंग बेदी खटल्यात सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की पुरावा तपासणारं एकही अपील सैनिकाला का नाही, आणि त्यानंतर सत्तावीस वर्षांनी ट्रायब्युनलची दारं उघडली.

पण आपल्या कायद्यात अजूनही समरी कोर्ट मार्शल नावाची चीज आहे. तिथे कोर्ट म्हणजे कमांडिंग ऑफिसर एकटा. आणखी दोघे अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) बसलेले असतात, त्यांना मत नसतं. बहुमत एकाचं, एकमतही त्याचंच. तो लेफ्टनंट कर्नल किंवा वरचा असेल तर एक वर्षाचा तुरुंगवास देऊ शकतो, नोकरीतून काढू शकतो, आणि सहसा वरच्या मंजुरीची वाटही बघायची नसते. १९८५मध्ये रणजित ठाकूर या सिग्नलमनने आपल्यावरच्या जाचाची तक्रार थेट वरिष्ठांकडे पाठवली. त्याबद्दल त्याच्या कमांडिंग ऑफिसरने, म्हणजे सीओने, त्याला अठ्ठावीस दिवसांची कैद दिली. कैदेत असताना जेवायला सांगितलं, तो जेवला नाही. हुकूम मोडला! दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल बसलं, ते त्याच सीओचं. एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी. १९८७मध्ये सुप्रीम कोर्टाने हे सगळं रद्द करून त्याला पगारासह नोकरीत घेतलं. पण तोवर तो माणूस तेजपूरच्या तुरुंगात जाऊन आला होता. आणि लक्षात घ्या, समरी कोर्ट मार्शल अधिकाऱ्यावर चालवताच येत नाही, जेसीओवरही नाही. जवान, नाईक, हवालदार यांच्यासाठीच ते राखून ठेवलेलं आहे. अधिकाऱ्याला मोठं कोर्ट, जवानाला एक साहेब.

शिस्तीसाठी हे लागतंच, असं निवृत्त मंडळी सांगतात. मग नौदल आणि हवाई दल शिस्तीशिवाय चाललं आहे का? तिथे समरी कोर्ट मार्शल हा प्रकार नाही. कमांडिंग ऑफिसरला छोट्या शिक्षांचे अधिकार आहेत, वर्षभराच्या तुरुंगाचे नाहीत. मालाडच्या मार्व्याला आयएनएस हमलामध्ये असलेला नौसैनिक आणि कांदिवलीच्या ऑर्डनन्स डेपोत असलेला जवान एकाच रेल्वे लाइनवर राहतात, एकाच देशाची नोकरी करतात. एकाला एकट्या साहेबाच्या कोर्टाची भीती नाही, दुसऱ्याला आहे. याचं समर्थन शिस्तीच्या कुठल्या पुस्तकात आहे?

आणि पाच जणांच्या कोर्टातही मुख्य गाठ सुटलेली नाही. फौजदारी खटल्यात आरोपीचा गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पाच जणांनी सगळे साक्षीदार ऐकले आणि त्यातल्या दोघांची खात्री पटली नाही. दोघेही अनुभवी अधिकारी. यालाच वाजवी संशय म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? कलम १३२ मात्र म्हणतं, तीन विरुद्ध दोन, दोषी. वर त्या दोघांनाही पुढे शिक्षा किती द्यावी यावर मत द्यावंच लागतं. ज्याला आपण निर्दोष म्हटलं त्याला किती वर्षं पाठवायचं, ते सांगायचं. अमेरिकेत २०१९पासून दोषी ठरवायला तीन-चतुर्थांश सदस्य लागतात. कॅनडात पाचही जणांचं एकमत लागतं. ब्रिटनने २०२१च्या कायद्याने गंभीर खटल्यांना सहा जणांचं मंडळ आणि त्यातल्या किमान पाचांची सहमती आणली. या देशांच्या सैन्यांत शिस्त बिघडल्याचं ऐकिवात नाही.

आपल्याला काय करायचं आहे ते फार अवघड नाही. दोषी ठरवायला साध्या बहुमताऐवजी दोन-तृतीयांश, मतं किती विरुद्ध किती पडली याची नोंद, असहमत सदस्याला आपली कारणं लिहून ठेवायची मुभा, आणि समरी कोर्ट मार्शल फक्त प्रत्यक्ष युद्धभूमीपुरतं. जाधवांसाठी हेगपर्यंत जाऊन परक्या लष्करी कोर्टाला जे प्रश्न विचारले, ते आपल्या आर्मी अॅक्टला विचारायला कुणाची हरकत असू नये. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दोन-तृतीयांश खासदारही लागत नाहीत. संसदेतलं साधं बहुमत पुरतं, आणि मतविभागणी मागितली तर कोणत्या खासदाराने काय मत दिलं, हेही दुसऱ्या दिवशी वाचायला मिळतं.